होडेकरबाईंची निवड

होडेकरबाईंना त्यांच्या मराठीचं कौतुक केलेलं अजिबात खपत नसे. आणि ते तर सारखं व्हायचं. शाळेत कुणी पाहुणे आले, एखादे नवे अधिकारी आले, एखादा पालक पहिल्यांदाच भेटला, की थोड्या वेळात ते ठरलेलं वाक्य यायचंच, "बाई, तुमचं मराठी किती छान आहे हो!" बाई चष्म्यावरून त्या माणसाकडे बघायच्या आणि शांतपणे म्हणायच्या, "तुमचंही काही वाईट नाही." समोरचा हसायचा. आपल्याला काय ऐकवलं गेलं ते त्याला घरी गेल्यावर कळत असेल, किंवा नसेलही.

रुकय्या होडेकर. माहेर केळशीचं, घर राजिवड्यात. नवरा जहाजावर होता, तो लवकर गेला. मूलबाळ नव्हतं. रत्नागिरीतल्या एका मुलींच्या शाळेत त्यांनी उभी हयात मराठी शिकवलं. मी त्यांच्या हाताखाली शिकले, पुढे औषधांचं दुकान काढलं, आणि त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या पोचवण्याच्या निमित्तानं त्या रत्नागिरीत होत्या तोवर त्यांच्या घरी माझं जाणंयेणं राहिलं.

आठवीत त्यांनी आम्हाला 'माझी आई' हा निबंध घातला होता. आम्ही सगळ्यांनी तो गाइडमधून उतरवला. वह्या तपासून झाल्यावर बाईंनी गठ्ठा टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "तुम्हा सगळ्यांची आई एकच आहे असं दिसतंय. पहाटे उठते, सडा घालते, प्रेमळ आहे. बिचारी एकटी किती घरांत राबते!" मग म्हणाल्या, "घरी जा. आई काम करत असेल तेव्हा तिच्याकडे नुसत्या बघत बसा. दिसेल ते लिहा." मी लिहिलं की माझी आई बांगडे साफ करताना एकटीच पुटपुटते, आणि ते सगळं आजीला उद्देशून असतं. बाईंनी खाली लाल शाईनं लिहिलं होतं, 'उत्तम. आजीला दाखवू नकोस.'

निवृत्त झाल्यावर बाईंनी आणि जोगळेकर सरांनी मिळून गावातल्या एका वाचनालयाच्या माडीवर शनिवारची बैठक सुरू केली. सर दुसऱ्या शाळेत इतिहास शिकवायचे. पावसच्या बाजूला त्यांची आंब्याची कलमं होती. उंच, किडकिडीत, नेहमी घाईत. बैठक साधी होती. दिवाळीनंतर नव्या वर्षाच्या पुस्तकांची यादी लागायची, महिन्याला एक पुस्तक, सगळ्यांनी ते आळीपाळीनं वाचून यायचं आणि बोलायचं. यायचे कोण, तर निवृत्त कारकून, दोन डॉक्टर, काही गृहिणी, कॉलेजातल्या एकदोन मुली, आणि मी.

पुस्तकं हुडकायचे सर. कोल्हापूर, पुणे, कुठंही लग्नाला गेले की मांडवात अक्षता टाकून हे गृहस्थ जुन्या पुस्तकांच्या दुकानात. आणि निवडायच्या बाई. त्यांची परीक्षा अजब होती. पुस्तक हातात घेऊन उभ्यानं पहिलं पान मोठ्यानं वाचायचं. पान संपेपर्यंत बसावंसं वाटलं तर पुस्तक पास. यादी बाईंच्या सुंदर अक्षरात लागायची आणि बाईच ती वाचून दाखवायच्या, म्हणून बाहेरच्या सगळ्यांचा समज असा की पुस्तकं बाईच सुचवतात. सरांनाही त्याचं काही वाटत नसे.

एकदा सरांनी कुणाचं तरी जाडजूड चरित्र आणलं. बाईंनी पहिलं पान वाचलं आणि मिटून परत दिलं.

"अहो, पुढे चांगलं आहे!" सर म्हणाले.

"जन्माच्या वेळी आभाळात तेज पसरलं असं लिहिलंय, सर. मी अजून उभीच आहे."

त्यावरून दोघांचं बोलणं बंद झालं. बैठकीला मात्र दोघंही यायचे, शेजारी शेजारी बसायचे. बाई मला म्हणायच्या, "शुभा, सरांना सांग, तेवढी खिडकी लावा म्हणावं." सर खिडकीपाशीच बसलेले असायचे. ते म्हणायचे, "शुभा, बाईंना सांग, वारा बरा असतो." असं बरेच शनिवार चाललं. मग ईद आली. दरवर्षीसारखे सर सकाळीच राजिवड्याला हजर झाले, सांदणं खाल्ली, शिरखुर्मा दोनदा मागून घेतला, आणि भांडण संपलं.

सरांनी बाईंच्या मराठीचं कधी कौतुक केलं नाही. ते त्या मराठीशी वाद घालायचे. "या शब्दाचा अर्थ तसा होत नाही, रुकय्याबाई," म्हणून पुढच्या शनिवारी पिशवीतून शब्दकोश घेऊन यायचे. बाई चिडायच्या, पण त्यांचा चेहरा उजळलेला असायचा. मी एकदा तसं बोलून दाखवलं, तर म्हणाल्या, "या गावात माझ्याशी मनापासून भांडणारा एकच माणूस आहे गो. बाकीचे सगळे माझ्याशी नीट वागतात."

ती कादंबरी सरांनीच आणली. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

पाऊस ओसरत आला होता. मी गोळ्या घेऊन बाईंच्या ओटीवर बसले होते. सर आले ते निथळत. छत्री होती, पण छत्रीखाली त्यांनी स्वतःला नव्हे, हातातल्या पिशवीला धरलं होतं. पिशवीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं पुस्तक. कोल्हापुरात एका दुकानात, पाककृतींच्या पुस्तकांखाली दबलेलं मिळालं म्हणाले. 'सात दिवसांचं सरकार'. मुखपृष्ठ अर्धं फाटलेलं. लेखकाचं नाव आमच्यापैकी कुणीच ऐकलेलं नव्हतं.

"आधी वाचा," सर म्हणाले. बाईंनी टॉवेल पुढे केला तो त्यांनी घेतलाच नाही.

बाई उठल्या, दारातल्या उजेडात उभ्या राहिल्या आणि वाचू लागल्या. समुद्राकाठचं एक लहान गाव. देशाचं नाव दिलेलं नाही. राजधानीत सरकार उलथलंय एवढंच रेडिओवर कळतं. गावच्या पोस्टातला कारकून भिंतीवरची तसबीर उतरवतो, आठवड्यानं दुसरी लावायला सांगतात, मग तिसरी. चौथ्या वेळी तो खिळाच काढून टाकतो. एवढंच पहिलं पान. बाईंनी ते संपवलं, पान उलटलं आणि मागं न बघताच खुर्चीवर बसल्या. सरांनी माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. लहान मुलाला बक्षीस मिळावं तसा त्यांचा चेहरा झाला होता.

पुढचे काही दिवस त्या दोघांच्या बोलण्यात दुसरा विषय नव्हता. एकच प्रत, ती बाईंकडे. मग सर संध्याकाळी फोन करायचे आणि बाई त्यांना अख्खं प्रकरण वाचून दाखवायच्या, जरी सरांनी ते आधीच वाचलेलं असलं तरी. त्या कादंबरीत मोर्चे आणि गोळीबार जवळजवळ नव्हतेच. उलथापालथ सगळी दूर राजधानीत. गावात फक्त माणसं एकमेकांना ओळख दाखवेनाशी होतात. मी बसलेली असताना एकदा बाईंनी फोन स्पीकरवर टाकला होता. सर म्हणत होते, "रुकय्याबाई, ह्या लेखकाला एक नेमकं कळलंय. माणसाला संपवायला जमाव लागतच नाही. शेजाऱ्यानं दार लावून घेतलं तरी पुरतं."

"हे वाक्य पुस्तकात नाही, सर."

"नाही ना? मग माझं असेल," म्हणून सर हसले होते.

यादीत ती कादंबरी पहिली लागली. कॉलेजातल्या मुलींनी फलकाचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला आणि तो गावभर फिरला. नगरपरिषदेची निवडणूक तोंडावर आली होती. चारपाच तरुण वाचनालयात येऊन ग्रंथपालांना विचारून गेले, सरकार पडायची पुस्तकं आत्ताच कशाला वाचायला हवीत? पुस्तक त्यांनी वाचलेलं नव्हतं. वाचायला मिळणारही नव्हतं, प्रत एकच. मग कुठल्या तरी ग्रुपवर मजकूर आला, 'वाचनालयात हे काय चाललंय आणि कोण चालवतंय?' त्या 'कोण'खाली बाईंचा जुना फोटो होता, शाळेतल्या निरोपसमारंभातला, डोक्यावर पदर घेतलेला.

बाईंनी सरांना फोन केला तेव्हाही मी तिथंच होते. सर म्हणाले, "घाबरू नका. मी आहे ना. दोघंही जाऊ आणि सांगू."

"मी घाबरले नाही," बाई म्हणाल्या. "तुम्ही आहात म्हणजे बरं झालं."

वाचनालयाच्या अध्यक्षांनी बैठकीतल्या सगळ्यांना बोलावलं. कार्यकारिणीचे लोक, आम्ही दहाबारा जण, आणि मागं उभे असलेले ते तरुण. अध्यक्ष वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त विषय लवकर मिटवायचा होता. त्यानं विचारलं, "हे पुस्तक यादीत कुणी घातलं?"

बाईंनी सरांकडे बघितलं. सर चष्मा पुसत होते.

"यादी बाई करतात," सर म्हणाले.

हे खरंच होतं. म्हणून मला आधी काही खटकलं नाही.

"म्हणजे पुस्तक होडेकर मॅडमनी सुचवलं?"

सरांनी चष्मा लावला, पुन्हा काढला. "त्यांचा आग्रह होता," ते म्हणाले.

मी ताडकन उठले. बाईंनी माझं मनगट पकडलं आणि मला खाली बसवलं. "थांब," त्या हळूच म्हणाल्या. "सर बोलतायत."

सर बोलत नव्हते. सगळे जण बाईंकडे बघत होते आणि बाई सरांकडे. खाली रस्त्यावरून रिक्षा गेल्या, मागच्या कुणाचा तरी फोन वाजून बंद झाला. बाई वाट बघत होत्या. वर्गात एखाद्या मुलीला उत्तर येत असून ती बोलत नसली की जशा थांबायच्या, अगदी तशा. सरांनी मान वर केली नाही.

"हो," शेवटी बाई म्हणाल्या. "माझाच आग्रह होता. अजूनही आहे."

मागून कुणीतरी म्हणालं, "त्यांना असली पुस्तकं बरोबर सापडतात."

बाई वळल्या. "'त्यांना' म्हणजे मला एकटीला, की आम्हा सगळ्यांना?" त्यांनी विचारलं. "आदरार्थी एकवचन आहे, की अनेकवचन?"

बाईंनी शेवटचं एकदा सरांकडे बघितलं. या गावात व्याकरणावरून त्यांच्याशी हमखास वाद घालणारा माणूस तो. ते टेबलावरचं पाणी पीत होते. बाईंनी पर्स उचलली, पदर सारखा केला आणि जिना उतरून गेल्या. दुसऱ्या दिवशी फलक बदलला. त्या जागी प्रवासवर्णन लागलं.

मला राग बाईंचाच आला होता. मला का बसवलंत, म्हणून मी त्यांच्याशी भांडायला गेले. त्या पोफळीखाली सुपारी निवडत होत्या.

"तू बोलली असतीस तर ते सुटले असते," त्या म्हणाल्या. "वाद तुझा आणि त्यांचा झाला असता. मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं."

"पण ते खोटं बोलले, बाई!"

"पुस्तक काढलं त्याचं मला फारसं नाही गो. पुस्तकं काढतात, परत येतात. पण माझं नाव घेतल्यावर समोरचे काय समजतील हे त्यांना ठाऊक होतं. दुसऱ्या कुणाला ठाऊक नसेल, त्यांना होतं. आयुष्यभर इतिहास शिकवला त्यांनी." मग सूप बाजूला ठेवून म्हणाल्या, "इतकी वर्षं मला वाटत होतं, हा माणूस मला नुसता एक हट्टी बाई म्हणून ओळखतो. मला तेवढंच पुरे होतं."

बैठक चालू राहिली. कुणी कुणी बाईंना फोन करून म्हणालं, जाऊ द्या हो, तुम्ही या, तुमच्याशिवाय मजा नाही. बाई म्हणायच्या, "बघते." त्या गेल्या नाहीत. मीही गेले नाही. त्या वर्षी ईदला सर आले नाहीत. बाईंनी सांदणं नेहमीइतकीच केली होती. दुपारी ती शेजारी वाटली.

सर तसे का वागले, त्याचं कारण पुढे सगळ्या गावाला कळलं. सरांचा मुलगा प्रसाद निवडणुकीला उभा राहणार होता, आणि उमेदवारी त्याच दिवसांत ठरायची होती. ती त्याला मिळाली. तो निवडूनही आला.

आंब्याच्या दिवसांत सर एकदा बाईंकडे आले. मी तिथं होते हा योगायोग, की बाईंनी मुद्दाम बोलावलं होतं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. सरांनी पेटी ओटीवर ठेवली. बाईंनी "या, बसा" म्हटलं. आवाजात कसलाही राग नव्हता. त्यांनी घरच्यांची चौकशी केली, पावसची कलमं कशी आहेत विचारलं, मोहोर गळाल्याबद्दल हळहळल्या. पेटी उघडून आंबे कापले, बशी सरांपुढे ठेवली. सर खात राहिले. मी त्यांना इतकं सावकाश खाताना कधी पाहिलं नव्हतं.

"रुकय्याबाई," मध्येच ते म्हणाले, "त्या दिवशी प्रसादचं..."

बाई थांबल्या. हातातली सुरीसुद्धा थांबली. त्या पुन्हा एकदा वाट बघत होत्या, आणि या वेळी मला वाटलं, आता हा माणूस बोलेल. नुसता एक शब्द बोलला असता तरी बाईंनी सगळं सोडून दिलं असतं, हे मी त्यांच्या चेहऱ्यावरून सांगू शकत होते.

"प्रसादचं फार धावपळीचं चाललं होतं," सर म्हणाले.

"असणारच," बाई म्हणाल्या, आणि पुढचा आंबा कापायला घेतला.

त्या दिवशी निघताना सर फाटकापाशी बराच वेळ कडीशी चाळा करत उभे होते. बाई आत भांडी घासायला गेल्या होत्या. बाहेर आल्या नाहीत.

त्याच वर्षी थंडीत सर गेले. कलमांवर फवारणी करून आले, अंघोळ केली, आणि खुर्चीत बसले ते उठलेच नाहीत. शोकसभा वाचनालयाच्या माडीवरच झाली. बाई येतील असं कुणाला वाटलं नव्हतं. त्या आल्या आणि मागच्या रांगेत बसल्या. अध्यक्ष बोलले, डॉक्टर बोलले, कुणी सरांच्या साधेपणाबद्दल बोललं. मग कुणीतरी म्हणालं, होडेकर मॅडमनी दोन शब्द बोलावेत. मला वाटतं, तेव्हा अध्यक्षांना जरा घाम फुटला असावा.

बाई पुढे आल्या. पहिल्या रांगेत सरांच्या पत्नी होत्या, शेजारी प्रसाद.

"जोगळेकर सरांइतकी पुस्तकाची पारख या गावात कुणाला नव्हती," बाई म्हणाल्या. "तुम्ही सगळे समजता की बैठकीची पुस्तकं मी शोधायची. मी एकही शोधलं नाही. सगळी त्यांनी आणली, पदरमोड करून, पावसात भिजत. शेवटचं चांगलं पुस्तक, 'सात दिवसांचं सरकार', तेही त्यांनीच आणलं. ते वाचताना ते जितक्या आनंदात होते तितक्या आनंदात मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. हे त्यांनी स्वतः सांगायला हवं होतं. आता ते नाहीत, म्हणून मी सांगते. आग्रह त्यांचा होता."

त्या जागेवर गेल्या नाहीत, तशाच दाराकडे चालू लागल्या. ही श्रद्धांजली होती की फिर्याद, ते तिथं बसलेल्या कुणालाच कळलं नसावं. मला आजही नीट सांगता येत नाही.

मी त्यांच्या मागोमाग जिना उतरले. खाली आम्ही रिक्षा थांबवतो तोच प्रसाद धावत आला.

"काकू," तो म्हणाला. त्याला धाप लागली होती. "बाबांना एकट्यांना दोष देऊ नका. मी सांगितलं होतं त्यांना गप्प राहायला. आदल्या रात्री. ते ऐकत नव्हते. आईनं शपथ घातली तेव्हा ऐकलं."

बाईंनी त्याच्याकडे बघितलं. हा मुलगा लहानपणी सरांचं बोट धरून ईदला यायचा.

"आणि तो फोटो?" त्यांनी विचारलं. "माझा फोटो कुणी दिला त्या पोरांना?"

प्रसाद वळून जिन्याकडे बघायला लागला. समारंभात तो फोटो सरांनीच काढला होता आणि त्यांच्या घरातल्या अल्बमशिवाय तो दुसरीकडे कुठं नव्हता, हे त्या क्षणी पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं. बाईंना ते बहुतेक पहिल्या दिवसापासून कळलं असावं.

"जा," त्या त्याला म्हणाल्या. "आई एकटी बसलीय वर."

त्याच आठवड्यात राजिवड्याचं घर भाडेकरूला देऊन बाई केळशीला भावजयीकडे गेल्या आणि तिथंच वारल्या. आम्हाला दफनविधी झाल्यावर कळलं. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या रिक्षात. मी सोबत येते म्हटलं तर नको म्हणाल्या. रिक्षावाल्यानं कुठं जायचं विचारलं. बाई जरा थांबल्या, जणू तेही त्यांना ठरवायचं होतं. मग म्हणाल्या, "मिरकरवाड्याला घे. मासळी संपायच्या आत." रिक्षा वळली. मागच्या काचेतून मला त्यांची पाठ दिसत होती, ताठ, आणि पदराचं टोक डोळ्यांकडे नेणारा हात.